तंजावरचे भोसले कोणाच्या इतिहासात बसतात?

कावेरीकाठ (मूळ मांडणी):

तंजावरच्या भोसल्यांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा सूर बहुधा एकच असतो: आपल्या माणसांनी दूर दक्षिणेत राज्य केले, तेथे ग्रंथालय उभारले, नाटक नेले, कीर्तन नेले आणि त्या मुलखाला काहीतरी दिले. मला हा सूर मान्य नाही. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ मध्ये कंपनीने ते खालसा करेपर्यंतचा काळ हे तमिळनाडूच्या इतिहासातील एक प्रकरण आहे आणि ते मराठ्यांच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून वाचले की त्यातील निम्मा अर्थ हातून निसटतो.

भोसले ज्या गादीवर बसले ती त्यांच्याआधी विजयनगरच्या परंपरेतील तेलुगू नायकांची होती, आणि त्यांच्याही आधी त्या भूमीवर चोळांनी देवळे, कालवे आणि गावांची घडी बसवलेली होती. दरबारात तेलुगू ही काव्य-संगीताची भाषा म्हणून रुजलेली होती, आणि नव्या राजांनी ती बदलली नाही, ती शिकून घेतली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांची बरीचशी रचना तेलुगूत आहे, आणि त्यांच्या एका नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदतात. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी आरंभीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत नृत्यप्रकारांचा जो क्रम बांधून दिला, तोच आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा कणा आहे. राजाने त्यांना आश्रय दिला हे खरेच. पण विद्या त्यांच्या तमिळ नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घराण्यांची होती.

बृहदीश्वराच्या देवळातील दोन लेख शेजारी ठेवून पाहावेत. राजराज चोळाच्या तमिळ लेखात देवाला कोणी काय दिले त्याचा हिशेब आहे: राजाने, त्याच्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेली दाने, देवळाच्या सेवेतील ४०० नर्तकींची नावे, प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला १०० कलम (धान्याचे तमिळ माप) भात. त्याच आवारातल्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी कोरवलेला प्रदीर्घ मराठी लेख मात्र भोसले घराण्याचा वंशवृत्तांत सांगतो. पहिला लेख त्या गावाशी बोलतो. दुसरा कोणाशी बोलतो, हा प्रश्न आपण मराठी वाचकांनी स्वतःला विचारला पाहिजे.

दप्तरदार:

आपली मांडणी वाचनीय आहे, पण ती एका बाजूला फार झुकलेली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी शिलालेखाकडे आपण केवळ कुलाभिमान म्हणून पाहता. सरफोजी हे तुळजाजीराजांचे दत्तक पुत्र होते. त्यांचा हक्क डावलून तुळजाजींचे सावत्रभाऊ अमरसिंह १७८७ पासून गादीवर होते आणि १७९८ मध्ये कंपनीच्या निर्णयाने सरफोजी राजे झाले. ज्याच्या वारसाहक्कावर दहा वर्षे वाद चालला, त्याने पाच वर्षांच्या आत आपली वंशावळ राज्यातील सर्वांत पूज्य देवळाच्या भिंतीवर कोरून घेणे हे मला तंजावरच्याच राजकारणातले पाऊल वाटते.

दुसरी गोष्ट रंगभूमीची. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या प्रयोगापासून आपण मराठी नाटकाचा आरंभ मोजतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी शहाजीराजांनी तंजावरात मराठी नाटके लिहिली होती, आणि ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले एक. त्यांतील पदे कर्नाटक रागांत आहेत आणि मांडणी यक्षगान या दक्षिणेतील गीतनाट्याच्या वळणाची आहे, म्हणून ती मराठी नव्हेत काय? छपाईचेही तसेच. सरफोजींच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद १८०६ मध्ये छापला गेला, तेव्हा मुंबईत मराठी ग्रंथांच्या छपाईने मूळही धरले नव्हते. हे सगळे ‘तमिळनाडूचे प्रकरण’ म्हणून तिकडे सोपवले, तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून आरंभीची पाने आपण आपल्याच हाताने फाडून टाकू.

कावेरीकाठ:

दप्तरदार, ती नाटके मराठी आहेत यात वाद नाही. त्यांना ‘आरंभ’ म्हणायला मात्र माझा विरोध आहे. आरंभातून पुढचे काहीतरी निघावे लागते. भाव्यांच्या पाठीमागे तंजावरची नाटके नव्हती. ती हस्तलिखितांत राहिली आणि महाराष्ट्रात फार उशिरा माहीत झाली. ती ज्या परंपरेत उभी आहेत ती तेलुगू यक्षगानाची आणि तमिळ कूत्तू या लोकनाट्याची आहे, आणि तिचे धागे पुढे तंजावरजवळच्या मेलट्टूर गावच्या भागवत मेळा या नृत्यनाट्याकडे जातात, सांगलीकडे जात नाहीत. नाटकाची भाषा एक आणि घर दुसरे असू शकते, इतकेच मला म्हणायचे आहे.

शेतसारा:

आपण दोघेही दरबारात बसून बोलत आहात. तंजावर हा भाताचा मुलूख आहे, आणि त्या भाताचे काय झाले याविषयी इथे अजून एक शब्द आलेला नाही.

कावेरीचे पाणी खालच्या पातळीवरच्या कोळ्ळिडमच्या पात्रात वाहून जाऊ नये म्हणून घातलेल्या बांधावर तंजावरची शेती अवलंबून होती, आणि तो बांध अर्काटच्या नवाबाच्या ताब्यातील तिरुचिरापल्लीच्या हद्दीत होता. त्याची डागडुजी कोणी करायची, हा नवाब आणि तंजावरचे राजे यांच्यातला जुना तंटा होता. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच ते तुळजाजींना परत केले. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उद्ध्वस्त झाला. या सगळ्यात सारा भरणाऱ्या मिरासदारांचे आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्या, जमिनीचा तुकडाही नसलेल्या माणसांचे काय झाले, हे विचारल्याशिवाय ‘सुवर्णकाळ’ हा शब्द कोणी वापरू नये.

सरस्वती महाल या तंजावरच्या ग्रंथालयाविषयी मला आदर आहे, पण त्यामागचा पैसाही पाहावा. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीला दिला आणि बदल्यात त्यांना वार्षिक एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. म्हणजे फौज नाही, न्यायनिवाड्याची जबाबदारी नाही, आणि उत्पन्न मात्र ठरलेले. काशीयात्रेत ग्रंथ जमवणे, रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवणे हे त्या मोकळिकीतून झाले. त्याच मोकळिकीतून किनाऱ्यावरचा आठमजली मनोराही उभा राहिला, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. ज्ञानप्रेम आणि परावलंबन एकाच माणसात होते, आणि दोन्ही सांगितले पाहिजे.

कुंभकोणकर:

आमच्यासारख्या तंजावरी मराठी घरांत जन्मलेल्या माणसाला ‘मराठी की तमिळ’ हा प्रश्न पडत नाही, तो बाहेरून विचारला जातो. एक उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांचे कीर्तन तंजावरात फार गाजले, आणि ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ कथाकालक्षेपाला, म्हणजे हरिकथेला, नवे रूप दिले. आजही जुन्या वळणाच्या हरिकथेत निरूपण तमिळमध्ये चालते, आणि प्रसंग रंगात आला की भागवतर साकी किंवा दिंडी म्हणतात, मधेच ओवी येते, मग त्यागराजांची तेलुगू कृती येते, आणि समोर बसलेल्या आजीबाईंना यातले काहीच परके वाटत नाही. दक्षिणेतील भजन संप्रदायात अभंग गाणाऱ्या कितीतरी जणांना मराठी बोलता येत नाही. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार प्रतापसिंहराजांनी बांधला. तो मराठी मिनार आहे असे तिथे कोणी म्हणत नाही.

दप्तरदार:

कुंभकोणकर, आपले उदाहरण मला पटते, पण त्यातून निघणारे काम कोणी करायचे हे आपण सांगितले नाही. राज्याचा कारभार मराठीत आणि मोडीत चालला. देवळांचे खर्च, अन्नछत्रांचे हिशेब, नर्तकींचे आणि वादकांचे पगार, शेतसारा यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, असे सारे त्या कागदांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, आहे. तमिळ अभ्यासकांपैकी मोडी वाचणारे थोडे. पुण्याचा मोडी जाणणारा तेथे गेला, तर अक्षर लागते पण जमीन ‘वेली’ या तमिळ मापात आणि भात ‘कलम’मध्ये मोजलेले पाहून तो अडतो. ‘हे तमिळनाडूचे आहे’ असे म्हणून मराठी वाचक बाजूला झाला, तर ते कागद कोणाचेच राहणार नाहीत. म्हणून माझा हक्काचा आग्रह मी सोडणार नाही.

कावेरीकाठ:

कागद वाचण्याची जबाबदारी मला पूर्ण मान्य आहे, आणि शेतसारा यांचे प्रश्न तर त्या रुमालांना सर्वांत आधी विचारले पाहिजेत. पण जबाबदारी आणि मालकी यांत मी अंतर ठेवतो. मोडीबरोबर तमिळ शिकण्याची तयारी ठेवून जो मराठी अभ्यासक तेथे जाईल, त्याला ‘वेली’पाशी अडावे लागणार नाही. आपल्याकडच्या मोडी वर्गांत शिवकाल आणि पेशवाईच्या पत्रांबरोबर तंजावरचे दोन-चार कागद सरावाला ठेवावेत, एवढी सूचना मी करतो.