नवा ट्रिगर फार हलका वाटतो: वजन वाढवावे की सवय करावी?

लातूरकर (प्रश्न)
नमस्कार. मी दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. तीन वर्षे रेंजवरच्या जुन्या रायफलीवर हात बसला होता आणि तिचा ट्रिगर इतका जड होता, की चांगला दाब दिल्याशिवाय शॉट सुटतच नसे. दिवाळीनंतर दोन टप्प्यांच्या ट्रिगरची रायफल घेतली (पहिल्या टप्प्याअखेर बोट अडते, दुसऱ्यात शॉट सुटतो) आणि मित्राच्या सांगण्यावरून ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा दाब, शंभर ग्रॅमच्या खाली आणले. आता नेम स्थिरावण्याआधीच शॉट जातो. वजन वाढवावे, की याचीच सवय होऊ द्यावी?

संभाजीनगरी
वजनाच्या स्क्रूला हात लावण्याआधी ट्रिगरचे पाते कुठे आहे ते पाहावे. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पात्यावर टेकला पाहिजे आणि दाब सरळ मागे गेला पाहिजे. पाते फार जवळ असेल तर बोट वाकून रायफल बाजूला ढकलते. दुसरे म्हणजे, पहिला टप्पा संपल्यावर बोट जिथे अडते ती जागा आपल्याला डोळे मिटूनही कळते का? कळत नसेल, तर एकूण वजन कितीही असो, बोट दोन्ही टप्पे एका दमात ओलांडणारच. दुसऱ्या टप्प्याचे वजन पाव-पाव फेऱ्याने वाढवावे आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा. कारखान्यातून लाखबंद आलेल्या स्क्रूच्या वाटेला मात्र जाऊ नये.

गोदाकाठची ताई, नांदेड
वरील मताशी सहमत आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर पिस्तूलच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमची अट आहे, दहा मीटर रायफलला तशी अट नाही, म्हणून आपल्याकडे ‘तुझा किती ग्रॅमचा?’ अशी चढाओढ चालते. मीही त्यात होते. जानेवारीतल्या एका सकाळच्या स्पर्धेत बोटे गारठलेली असताना ट्रिगरला नुसता स्पर्श झाला आणि शॉट कार्डाबाहेर गेला. स्पर्धा सुरू झाल्यानंतरचा शॉट असल्याने तो शून्य म्हणून मोजला गेला.

वजन अंदाजाने सांगू नका, मोजा. छर्रा न भरता, ड्राय फायरच्या (शॉट न सुटता ट्रिगर नुसता दाबण्याच्या) स्थितीत रायफल नळी वर करून उभी धरा, बोट टेकते तिथे दोऱ्याने पाण्याची छोटी बाटली अडकवा आणि रायफल अलगद वर उचलून बाटली ट्रिगरवर लटकू द्या. ट्रिगर सुटेपर्यंत थोडे थोडे पाणी वाढवा, मग बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. सेटिंग ठरल्यावर छर्रा नसताना दस्त्याला हलकी थाप मारून पाहा. तेवढ्याने ट्रिगर सुटला तर ते सेटिंग धोकादायक आहे. त्यानंतर किमान पंधरा दिवस कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा आणि स्क्रूला हात लावू नका.

लातूरकर
ताई, मोजले. एकूण 70 ग्रॅम भरले आणि त्यातले जवळपास सगळे पहिल्या टप्प्यातच खर्च होत होते, म्हणून बोटाला अडण्याची जागाच सापडत नव्हती. आता 120 वर आणून दुसरा टप्पा स्पष्ट केला आहे, पातेही थोडे पुढे सरकवले आहे. काल भिंतीसमोर चाळीस वेळा ट्रिगर दाबला. त्यात सहा वेळा मनाआधी सुटला, तेही शेवटच्या दहांत, हात थकल्यावर.