सोलापुरी टॉवेल काचेला नको!

दादा, तुम्ही म्हणताय की गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावल्यावर आत बारीक खडे आल्यासारखे दिसतात, फिल्मच खराब असेल. मला तरी दोष पुसण्याचा वाटतो. माझंही हेच झालं होतं. घरचा नवाकोरा टॉवेल घेऊन काच चकाचक केली आणि त्याचेच तंतू फिल्मखाली कायमचे बसले. टॉवेल अंग पुसायला एक नंबर, पण इथं मायक्रोफायबरच हवा, म्हणजे तंतू न सोडणारं बारीक धाग्याचं कापड.

फिल्म आतून लागते, म्हणून आतली बाजू महत्त्वाची. बेबी शाम्पूचे चार थेंब पाण्यात टाकून फवारा, ओल्या काचेवर नवं ब्लेड तिरपं धरून चालवा. हाताला गुळगुळीत वाटणाऱ्या काचेवरूनही करकर आवाज येतो बघा! मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे बाष्प घालवणाऱ्या तारांच्या रेषा असतील तर तिथं ब्लेड अजिबात नको.

खरी घाण खालच्या रबरात. काच दोन बोटं खाली करून वरची कड पुसा, रबरात फवारा मारून हातातल्या रबरी वायपरने पाणी ओढा. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचे डाग पडतात. आणि आपल्या सोलापूरच्या होटगी रोडसारख्या धुळीत, भर उन्हात तर हे काम नकोच. पाणी लगेच सुकतं.

गडद फिल्म घेऊ नका हं. नियमानं पुढं-मागं निदान 70 आणि बाजूला 50 टक्के उजेड आरपार जायलाच हवा.