स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेली बिलं जीमेलच्या स्पॅममध्ये जातायत

प्रश्न:
नमस्कार, मी अनुवादाची कामं करते, स्वतःचं डोमेन आहे आणि मेल शेअर्ड होस्टिंगवरून (एकच सर्व्हर अनेक ग्राहकांना) जातो. तीन वर्षं काही त्रास नव्हता, पण गेल्या महिन्यापासून जीमेलवाल्या क्लायंटना माझी बिलं दिसतच नाहीत, फोन केला की "अहो स्पॅममध्ये पडलंय की" म्हणतात. एका कामाचे पैसे त्यापायी तीन आठवडे अडकले. मधे बदल एकच केला, न्यूजलेटरसाठी वेगळी सर्व्हिस घेतली आणि त्यांनी दिलेला एसपीएफ रेकॉर्ड (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये, टाकला. होस्टिंग बदलू का?

उत्तर १:
होस्टिंग बदलायची घाई नको. जुना एसपीएफ तसाच ठेवून नवा वेगळा टाकलात का? एका डोमेनला एसपीएफचा एकच टीएक्सटी रेकॉर्ड चालतो, दोन सापडले की समोरचा सर्व्हर पर्मएरर देतो, म्हणजे दोन्ही असून नसल्यासारखे. दोन्हीकडचे इन्क्लूड (त्या त्या सर्व्हिसची यादी जोडणारे भाग) एकाच ओळीत घ्या, शेवटचं ऑल (यादीत नसलेल्या बाकी सगळ्यांसाठीचं) एकदाच. लुकअप (रेकॉर्ड तपासताना डीएनएसला कराव्या लागणाऱ्या विचारणा) मात्र १० च्या वर जाऊ देऊ नका, इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडपण त्यात मोजले जातात. जीमेलवर स्वतःलाच मेल टाका आणि "शो ओरिजिनल" उघडा, एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही), डीमार्क (या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) सगळ्याचा निकाल तिथे दिसतो.

उत्तर २:
डीकेआयएम आधी बघा ताई. क्लायंटकडे ऑटो फॉरवर्ड लावलेलं असेल तर पाठवणारा आयपी (सर्व्हरचा पत्ता) बदलतो आणि एसपीएफ फेल होतो, डीकेआयएमची सही मात्र मेलसोबतच जाते आणि वाटेत कोणी मजकूर बदलला नाही तर टिकते. फक्त ती सही तुमच्याच डोमेनची हवी, होस्टिंगवाल्यांच्या डोमेनची असेल तर पास दिसेल पण डीमार्कला त्याचा उपयोग नाही. डीमार्क आत्ता पी=नन (नापास मेलवर काही कारवाई नको) ठेवा, रिपोर्ट येऊ द्या, मग क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममध्ये) करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, दिवसाला ५००० च्या वर मेल जात असतील तर दोन्ही आणि वर डीमार्क.

प्रश्नकर्ती:
दोन रेकॉर्ड होते!! एकत्र केले, एसपीएफ पास झाला. सही खरंच होस्टिंगच्या डोमेनची होती, पॅनलमधून माझ्या डोमेनची चालू केली आणि सही तपासायची की (किल्ली) डीएनएसमध्ये टाकली. आज दोघांना बिल इनबॉक्समध्ये मिळालं, तिसऱ्याकडे अजून स्पॅममध्येच. खूप आभार दोघांचे.

उत्तर १:
तिसऱ्यांना "नॉट स्पॅम" दाबून तुम्हाला एक रिप्लाय करायला सांगा. तरी नाही सुटलं तर होस्टिंगचा आयपी स्पॅमहॉसच्या (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी ठेवणारी संस्था) यादीत आहे का बघा, शेअर्ड आयपीवर शेजाऱ्याने स्पॅम पाठवला तरी भोगावं आपल्याला लागतं, आणि तसं निघालं तर मग होस्टिंग बदलाच.