मदत हवी आहे: प्रोफाइल फोटो अपलोड होतो, पण सर्व्हरवर दिसत नाही

सांजवेळ
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. वापरकर्त्यांना प्रोफाइल फोटो लावायची सोय करतेय. मॉडेलमध्ये इमेजफील्ड टाकलं, फॉर्म केला, लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर चढवलं की फोटोच्या जागी तुटक्या चित्राची खूण. कोड तोच आहे, एक ओळही बदललेली नाही. दोन दिवस यातच गेले आणि परवा दाखवायचंय. काय चुकतंय?

टकटक
फ्रेमवर्क कोणतं? इमेजफील्ड म्हणताय त्यावरून जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) असावं. फोटो पुरवतंय कोण, जँगो की पुढे एनजिनएक्स वगैरे वेब सर्व्हर आहे? डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून फोटोच्या विनंतीला काय उत्तर येतंय ते बघा: ४०४ (फाइल सापडली नाही), ४०३ (परवानगी नाही) की ५०० (सर्व्हरवर चूक)? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

मृद्गंध
फॉर्म टॅगमध्ये एनकटाइप मल्टीपार्ट फॉर्म-डेटा दिलंय का? ते नसेल तर ब्राउझर फाइलचं नुसतं नाव पाठवतो, फाइल जातच नाही. माझा अख्खा शनिवार यात गेला होता. आधी तेच बघा.

टकटक
@मृद्गंध, लॅपटॉपवर चालतंय म्हणाल्यात त्या. एनकटाइप राहिलं असतं तर तिथेही चाललं नसतं.

जुनाजाणता
फाइलींच्या मागे लागूच नका. फोटो बेस६४ करून, म्हणजे अक्षरांच्या मजकुरात बदलून, थेट डेटाबेसमध्ये ठेवा. फोल्डर नको, परवानग्या नकोत, एका बॅकअपमध्ये सगळं येतं. मी वर्षानुवर्षं असंच करतोय.

कीबोर्डकर
कृपया असं करू नका. बेस६४ मध्ये ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढला. शिवाय तो मजकूर पानातच भरला, तर ५० जणांची यादी उघडताना दर खेपेला ५० फोटो पानाबरोबर उतरणार. वेगळी फाइल असेल तर ब्राउझर ती साठवून ठेवतो.

जुनाजाणता
मग बायनरी कॉलम घ्या आणि फोटोला वेगळा दुवा द्या. छोटा प्रोफाइल फोटो असतो केवढासा? काही केबी. त्याने डेटाबेस वाकत नाही.

रेघोट्या
फोटो गोल हवा असेल तर बॉर्डर-रेडियस ५० टक्के द्या, सोबत ऑब्जेक्ट-फिट कव्हर. नाहीतर उभ्या फोटोतला चेहरा चेपलेला दिसतो.

पायवाट
ग्रॅव्हाटार वापरा की. ईमेलचा हॅश (त्यावरून गणिताने बनणारी ठरावीक खूण) काढून दुवा बनवायचा, फोटो तिकडून येतो. साठवणीची कटकटच नाही.

मृद्गंध
ज्यांनी तिथे खातं काढलेलं नाही त्यांचं काय? आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या ईमेलचा हॅश पानावर उघडा पडतो. कोणाचा ईमेल आधीच माहीत असेल, तर हॅश जुळवून हा तोच माणूस हे ओळखता येतं. मला तरी ते पटत नाही.

सांजवेळ
जँगोच आहे, पुढे एनजिनएक्स. ४०४ येतंय. गोल आधीच केलाय. डेटाबेस बदलायला आता वेळ नाही.

एक सांगायचं राहिलं. काल एक एरर शोधायला सर्व्हरवर डीबग (चुका तपशिलात दाखवणारं सेटिंग) ट्रू, म्हणजे चालू केलं होतं, तेव्हा फोटो दिसत होते. रात्री फॉल्स केलं आणि नवा कोड चढवला. आज पुन्हा ट्रू करून पाहिलं तर कालचे फोटो तरीही नाहीत, नवीन टाकलेला मात्र दिसतो. मला काहीच कळेनासं झालंय.

टकटक
हे आधी हवं होतं! दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं: यूआरएल फाइलमध्ये मीडियासाठी (वापरकर्त्यांनी टाकलेल्या फाइलींसाठी) जी स्टॅटिक फंक्शनची ओळ आहे, ती फक्त डीबग ट्रू असतानाच काम करते. फॉल्स केलं की ती रिकामी यादी परत देते, म्हणून ४०४. खऱ्या सर्व्हरवर फोटो एनजिनएक्सने द्यायचे. मीडिया नावाचा लोकेशन ब्लॉक लिहा आणि त्यात एलियस म्हणून फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. शेवटचा तिरका दंड (/) दोन्हीकडे हवा. आणि डीबग लगेच बंद करा, त्या एरर पानावर तुमचा कोड आणि सेटिंग्ज जगाला दिसतात.

दुसरं: कोड चढवता कसा?

सांजवेळ
स्क्रिप्ट आहे. जुना फोल्डर काढते आणि गिटवरून नव्याने क्लोन करते, म्हणजे कोडची नवी प्रत आणते. मीडिया फोल्डर प्रोजेक्टच्या आतच आहे.

टकटक
सापडलं. दर खेपेला स्क्रिप्ट फोटोही पुसतेय. डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता असतो, फोटो नसतो. म्हणून नोंद शाबूत आणि फाइल गायब. मीडिया रूट, म्हणजे फोटो साठवायचा फोल्डर, प्रोजेक्टच्या बाहेर न्या. फोल्डरमध्ये जँगोला लिहिता आलं पाहिजे आणि एनजिनएक्सला वाचता. वरच्या एखाद्या फोल्डरची परवानगी अडली तर ४०३ येईल. कंटेनरमध्ये (ॲप बंदिस्त डब्यात) चालवणाऱ्यांनाही हेच लागू: कायमस्वरूपी व्हॉल्यूम (डब्याबाहेरची साठवण) जोडला नाही, तर नव्या कंटेनरबरोबर फोटो गेले.

जुनाजाणता
म्हणूनच डेटाबेस म्हणत होतो. तिथे हे झालं नसतं.

कीबोर्डकर
हे खरं आहे, मान्य. पण फोल्डर बाहेर नेला आणि त्याचा रोज बॅकअप घेतला, तरी तेच साधतं.

सांजवेळ
आणि आधीचे फोटो?

टकटक
बॅकअप नसेल तर गेले. त्या नोंदींतलं फील्ड रिकामं करा आणि टेम्प्लेटमध्ये फोटो नसेल तर साधं चित्र किंवा नावाचं आद्याक्षर दाखवा. तुटकी खूण कोणालाच दिसायला नको.

सांजवेळ
दिसायला लागले!! दोनदा कोड चढवून पाहिला, फोटो जागच्या जागी. खूप खूप आभार. आता दोन नव्या अडचणी: मोठा फोटो टाकला की ४१३ (विनंती फार मोठी) येतं, आणि फोनवरचे फोटो आडवे दिसतात. मूळ फोटो उघडला तर सरळ आहे, पिलोने (पायथनची चित्रांची लायब्ररी) छोटा केलेला तेवढा आडवा.

कीबोर्डकर
४१३ एनजिनएक्सकडून येतंय, तिथली मूळ मर्यादा १ एमबी आहे. क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा, पण ५-१० एमबीच्या पुढे नको.

आडव्याचं कारण असं: फोन कसा धरला होता ते फोटोतल्या एक्झिफ माहितीत लिहिलेलं असतं, ब्राउझर ती वाचून फोटो फिरवतो. तुम्ही छोटा करून सेव्ह केलात की ती माहिती गळते. त्यामुळे लहान करण्याआधी पिलोच्या इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज चालवा, ते फोटोच सरळ फिरवतं. आणि मूळ फाइल ठेवू नका. त्याच माहितीत फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, लोकांना त्याची कल्पना नसते.

वेबविणकर
नवा फोटो आल्यावर फाइलला नवं नाव द्या, नाहीतर ब्राउझर साठवलेला जुनाच दाखवत राहतो. जँगो जुनी फाइल आपणहून पुसत नाही, ती तुम्हालाच काढावी लागेल.

सांजवेळ
ट्रान्सपोज टाकलं, सरळ दिसतायत. मूळ फाइल ठेवणं बंद केलं, नाव दर वेळी नवं. ज्या ११ जणांचे फोटो गेले त्यांना माफी मागून पुन्हा टाकायला सांगितलंय.