क्रिमिनल जस्टिस आणि होमलँड सिक्युरिटीत एमएस करायला अमेरिकेत जाऊ का?

उसाचा रस

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका गावचा, वय 24. राज्यशास्त्रात बीए, मग दोन वर्षं एमपीएससी. पूर्व एकदा निघाली, मुख्यला अडकलो. बाबा हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे घरात खाकीचं वेड आहेच. आता अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची ऑफर आलीये. दोन वर्षं, राहणं-खाणं धरून 41 लाख. बँक घर तारण मागतेय. एजंट म्हणतो, "9/11 नंतर तिकडं या फील्डला मरण नाही." एफबीआय नाही तर होमलँडमध्ये (त्यांच्या अंतर्गत सुरक्षेच्या खात्यात) ॲनालिस्ट वगैरे जमेल का? नाहीच जमलं तर परत येऊन एनआयए, म्हणजे आपली राष्ट्रीय तपास यंत्रणा? कुणी केला असेल हा कोर्स तर स्पष्ट सांगा. 400 डॉलर डिपॉझिट भरून झालंय, पुढचे पैसे 15 तारखेच्या आत भरायचेत.

ठाणेकरीण

मी केलाय, 2017 ते 2019. वाईट बातमी आधी देते. एफबीआय, सीक्रेट सर्व्हिस, कस्टम्स, सगळीकडे अमेरिकन नागरिकत्व मागतात. अगदी न्यूयॉर्क पोलिसांत साधा शिपाई व्हायचं तरी नागरिक असावं लागतं. मला हे कळलं पहिल्या करिअर फेअरला. कस्टम्सच्या टेबलावरच्या बाईंनी हसून पेन दिलं, फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "सिटिझन?" मी नाही म्हटल्यावर फॉर्म परत गठ्ठ्यावर गेला. पेन राहू दे म्हणाल्या. आहे अजून ते, चालत नाही.

वर्गात आम्ही 19 जण. मी आणि एक कोरियन मुलगी सोडली तर बाकी सगळे नोकरीवाले: अग्निशमन दलातला एक, काउंटी जेलमधला एक, कोस्ट गार्डमधून आलेले दोघं. त्यांना बढतीसाठी डिग्री हवी होती आणि कोर्स त्यांच्याच मापाचा शिवलेला होता. होमलँड सिक्युरिटी हे खातं 2003 मध्ये 22 वेगवेगळ्या यंत्रणा एका छपराखाली आणून सुरू झालं. एवढ्या सासवा-सुना एका घरात कशा नांदवायच्या, हाच अर्धा अभ्यासक्रम.

उरलेला बराचसा आपत्ती व्यवस्थापनाचा. 2005 चं कतरिना वादळ आम्ही महिनाभर चघळत होतो. घटनास्थळी हुकूम कुणाचा चालणार याची त्यांची जी पद्धत आहे, इन्सिडेंट कमांड, ती मूळची दहशतवादाची नाहीच. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वणव्यांमधून ती आली. तिचे प्राथमिक कोर्स फेमा, म्हणजे त्यांचं आपत्ती व्यवस्थापनाचं सरकारी खातं, ऑनलाइन फुकट देतं. आज रात्री एक उघडून बघ. जांभया आल्या तर 41 लाख वाचले.

आता तुझ्या प्रश्नात नसलेलं एक सांगते. तिसऱ्या आठवड्यात सरांनी स्लाइड लावली, "मुंबई-स्टाइल अटॅक". तिकडे हा शब्दच रूढ झालाय. 26/11 नंतर काही दिवसांतच न्यूयॉर्क पोलिसांनी आपली माणसं मुंबईला धाडली होती, त्यातून काय काय शिकले ते सर सांगत होते. दीड तास ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस. सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यांची एक ओळ. मी तेव्हा दहावीत होते. काका फोर्टातल्या ऑफिसातून रोज त्याच वेळेला सीएसटीवर कर्जत लोकल पकडायचे. आई रात्रभर फोन लावत होती. त्या दिवशी ऑडिट लांबलं म्हणून ते ऑफिसातच होते. (तेव्हापासून आमच्या घरात ऑडिटला कुणी नावं ठेवत नाही.) मी हात वर केला आणि तुकाराम ओंबळेंचं सांगितलं: गिरगाव चौपाटी, हातात काठी, आणि कसाबच्या बंदुकीची नळी शेवटपर्यंत सोडली नाही. ब्रेकमध्ये अग्निशमनवाला वही घेऊन आला, म्हणाला, नाव सांग, स्पेलिंगसकट. दोन वर्षांत फी वसूल झाल्यासारखा वाटला तो एवढाच तास.

पैशाचं: डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं, तेही विषयाशी संबंधित. डिग्री स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी 24. सायबर फॉरेन्सिक्स, फॉरेन्सिक सायन्स त्या यादीत आहेत, साधं क्रिमिनल जस्टिस नाही. प्रत्येक कोर्सला सहा आकडी कोड असतो, व्हिसासाठी कॉलेज जो आय-20 फॉर्म देतं त्यावर छापलेला असतो. कॉलेजलाच मेल कर, एजंटला विचारू नकोस. मी स्वतः आता एका बँकेत मनी लाँडरिंगचे संशयास्पद व्यवहार तपासते. काम आवडतं. पण इथं टिकले ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डामुळे.

निवृत्त फौजदार

बाळा, मी तुझ्या बाबांच्याच खात्यातला. एनआयएत बरेचसे अधिकारी दुसऱ्या पोलीस दलांतून डेप्युटेशनवर जातात. थेट जायचं तर एसएससी सीजीएलमधून (केंद्र सरकारची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) सब-इन्स्पेक्टर, त्याला कुठलीही पदवी चालते आणि ती तुझ्याकडे आहे. आपल्याकडं पोलीस हा राज्याचा विषय. होमलँड नावाचं खातं नाही, की ती डिग्री कुठं दाखवावी. फौजदारकीला वयाची अट आहे, तुझी ही दोन वर्षं त्यातच जातील. आणि मैदानी चाचणीत गोळा फेकायचा असतो, सर्टिफिकेट नव्हे 😄

घराचं मात्र बाबांशी नीट बोल. हवालदार माणूस पोराला तोंडावर नाही म्हणत नाही.

देवनार डेपो

खाकीच हवी असेल तर फौजदार काकांचं ऐक. विषयात रस असेल तर टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमए सोशल वर्क, क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस बघ. प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून. (गांधीनगरचं फॉरेन्सिक विद्यापीठही आहे, पण फॉरेन्सिकला सायन्स लागतं.)

आमचं फील्डवर्क तुरुंगात होतं. माझी पहिली केस: मोबाइल चोरी, 15,000 चा जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले आणि माणूस आतच. जामीनदार नाही, कारण घरी कळवलेलंच नाही. बहिणीच्या नंबराचे नऊ आकडे त्याला पाठ होते, शेवटचा आठवेना. मी बाहेर येऊन 0 पासून लावत बसले. एक शिव्या देऊन गेला, एक रिक्षावाला निघाला, 6 ला बहिणीनं उचलला. आता बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 479 मध्ये पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याला त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. पण बराकीत जाऊन कुणाची मुदत कधी भरते ते मोजायला माणूस लागतो. ते काम आम्ही करतो. पगाराचं विचारू नकोस.

उसाचा रस

सगळ्यांचे आभार. फेमाचा कोर्स उघडला, दुसऱ्या धड्यात झोप लागली. कॉलेजला कोड विचारला होता, सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: स्टेम नाही. एजंट फोन उचलत नाहीये. सीजीएलचा फॉर्म कधी निघतो ते बघतोय. बाबांना अजून काही बोललो नाही, रविवारी बोलीन.

ताई, ते 400 डॉलर परत मिळतात का?

ठाणेकरीण

ऑफर लेटरचं शेवटचं पान बघ, सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ. माझे नव्हते मिळाले.