मदत हवी आहे: सपाट माथ्यावरच्या गावात पाणलोटाची रेषा (जिथून पाणी दोन दिशांना वाटलं जातं ती) कशी ठरवावी?

काटोल आणि कळमेश्वर यांच्या मधल्या उंचवट्यावरच्या एका छोट्या गावाचा शिवार नकाशा करतो आहोत. पश्चिमेचं पाणी जाम नदीतून वर्धा नदीला जातं, पूर्वेचं चंद्रभागा-कोलार या नद्यांतून कन्हान नदीला. ही रेषा चुकली तर संत्र्याच्या बागांसाठी खोदायच्या चराचं पाणी भलत्याच नाल्याला लागेल, म्हणून एवढा आग्रह.

1:50,000 च्या टोपोशीटवर (सरकारी भू-नकाशावर) समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटरच्या फरकाने असतात आणि माथा इतका सपाट, की गावठाणाजवळून एकही जात नाही. उपग्रहाच्या 30 मीटरच्या उंचीमाहितीत झाडांचे शेंडेही जमिनीत धरले जातात, त्यामुळे झुडपी जंगलाच्या पट्ट्यात खोटा उंचवटा दिसतो. शिवाय खोलगट झालेल्या पांदणी पावसात नाल्यासारख्या वाहतात. हे त्यात उमटतच नाही, आणि खरं पाणी तर तिथूनच वळतं.

बेत असा: पांदणी आणि धुऱ्यांवरून दर 25 मीटरला ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) रीडिंग, मग सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन फरक तपासायचा. समुद्रसपाटीपासूनची उंची नको, आपसातला फरक पुरे.

2 किलोमीटरच्या फेरीत किती मिलिमीटर फरक चालवून घ्यावा? गट नकाशा (शेतांच्या गट क्रमांकांचा नकाशा) उपग्रहचित्रावर बसवताना, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथल्या दगडाशिवाय कोणत्या खुणा भरवशाच्या? नाल्याची वळणं सरकतात, ती नकोत. जाणकारांनी कृपया सांगावं, चर पावसाआधी आखायचे आहेत.