बटईच्या रानात शेणखत टाकावं का?

प्रश्न (लातूर): तीन एकर बटईनं, म्हणजे मालकाशी पीक वाटून, करतो, सोयाबीन-हरभरा. 2025 च्या सप्टेंबरात पाऊस उघडलाच नाही, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. शेजारचं रुंद वरंब्यावरचं पीक मात्र तगलं. सऱ्यांतून पाणी निघून गेलं. मलाही तसंच करायचंय, शेणखत घालायचंय. पण मालकाशी बोली एकाच वर्षाची. सातबाऱ्यावर नाव नाही, मग अनुदान कुठलं? बैल विकले, आता शेणही विकतच. काय करू?

उत्तर 1: दादा, शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं दिसतो. आधी तेवढ्या वर्षांची बोली करा.

उत्तर 2: मीही बटईदार. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्यानं हक्क सांगेल, या भीतीनं मालक लिहून देत नाहीत. माझ्या मालकाला शेजारचं रान दाखवलं, तेव्हा खताचा निम्मा खर्च उचलला.

उत्तर 3: यंदा एकच एकर वरंब्यावर करा, यंत्र भाड्यानं आणा. भुसकट रानातच कुजवा.

प्रश्नकर्ता: भुसकट मालकाच्या म्हशींना जातं. त्याबद्दलही बोलतो उद्या. लहानपणी याच रानातलं ढेकूळ मुठीत दाबलं की भुगा व्हायचा. आता टाचेनंही फुटत नाही.